अक्कलहुशारीने

वकिलाने विचारलं, सही करताना
बाई पूर्ण शुद्धीवर होत्या का?
मी म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त.
कोणी हसलं नाही.
लघुलेखिकेने तेवढं टिपून घेतलं.

मी टपाल वाटते. तेवीस वर्षं
सॅस्काचेवानच्या त्या सरळसोट रस्त्यांवर,
जिथे वळण आलं तर माणूस दचकतो.
ओरिस्या ह्नात्युकची पेटी सत्तेचाळिसावी.
त्या दिवशी उणे एकतीस होतं.
तिने काचेवर टकटक करून आत बोलावलं.
दुसरा साक्षीदार ड्वेन,
मैल्याची टाकी उपसायला आलेला,
बूट दाराशी काढून
मोज्याचं भोक दुसऱ्या पायाने झाकत उभा.

टेबलावर किसलेलं बीट होतं.
तिने हात धुतले, चष्मा पुसला,
आणि कागद मोठ्याने वाचला, सगळा,
कुंपणापलीकडच्या बाईला घरचं सांगावं तसा:
मी अक्कलहुशारीने, राजीखुशीने,
दोन क्वार्टर जमीन मिरोस्लावला,
घर नि धान्याच्या कोठ्या बोहदानला,
मधमाश्यांच्या नऊ पेट्या
टपालवाल्या बाईला,
जिने फाटक कधी उघडं टाकलं नाही.

मी ऐकलं, आणि सही केली.
तिथेच पेट्या गेल्या.
साक्षीदाराला त्याच कागदातून काही घेता येत नाही,
हे ना तिला माहीत, ना मला.
कायद्याला वाटतं, मधाने जीभ चिकटते.

दार्काचं नाव शेवटच्या परिच्छेदात.
वय त्रेचाळीस. आकडे वीसपर्यंत येतात,
पुढे ती पुन्हा एकपासून मोजते
आणि कधी चुकत नाही.
‘माझ्या लेकीचा सांभाळ’
इथवर वाचून ओरिस्या थांबली.
पुढची ओळ कोरी होती.
चुलीवर काहीतरी उतू गेलं, कोणी उठलं नाही.
मग तिने पेन मागितलं, आणि लिहिलं:
जो करील तो.

या तीन शब्दांवर
दोन भाऊ, तीन वकील, चौदा महिने.
दार्काच्या नावची रक्कम मोठी वाटत होती तोवर
दोघांनाही तिचा फार लळा होता.
मग हिशेबनीस आला,
ट्रॅक्टरचं कर्ज वजा झालं,
आणि भाऊ एकमेकांचे गोडवे गाऊ लागले:
त्याचं घर प्रशस्त आहे,
वहिनी तर अगदी मायाळू.

बाईंवर कोणाचं दडपण होतं का?
होतं, मी म्हटलं. त्रेचाळीस वर्षांचं.
हे उत्तर खोडायला लावलं.

जमिनीच्या चतुःसीमा चोख लिहिल्या होत्या,
खुंट्यानिशी, फुटांनिशी.
दार्काच्या कोणी लिहिल्या नाहीत.
मला विचारल्या असत्या तर:
पूर्वेस कोंबड्यांचं खुराडं.
पश्चिमेस टपालपेटी, दहा पस्तीसला.
उत्तरेस कुत्रा, म्हणजे ही हद्द पळते.
दक्षिणेस

न्यायाधीशबाई खाली उतरून तिच्याशेजारी बसल्या.
दार्का, तुला कोणाकडे राहायला आवडेल?
तिने दोघा भावांकडे पाहिलं,
कोटाची बटणं मोजली,
म्हणाली, आज मंगळवार.
मंगळवारी टपाल येतं.

सगळे माझ्याकडे वळले.
मी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं.
ते दुखतात. घरात दीडच खोली आहे.
मांजराला परकं माणूस खपत नाही.
हे सगळं मी मनात पाठ म्हटलं, साक्षीसारखं.
पुढची तारीख पडली.

आज दहा पस्तीसला ती फाटकाशी होती.
तिच्या नावाचं काही नव्हतं;
मी बियाण्यांची जाहिरात दिली.
तिने ती छातीशी धरली,
आणि मी जाईपर्यंत मोजत राहिली,
वीस, मग एक.

पालकत्वाचा अर्ज गाडीच्या खणात आहे,
पावत्या आणि गोठलेल्या हातमोज्याखाली.
माझं नाव लिहून झालंय.
साक्षीदार लागतो, ज्याला यातून काही मिळणार नाही असा.
ड्वेनचा नंबर कुठेतरी लिहून ठेवला होता.